सोलं देशाची, कढी घरची

२०२४ च्या सरकारी वेळवापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या बायकांची दिवसाची सरासरी २८९ मिनिटं निघाली आणि पुरुषांची ८८, हे वाचून माझी छाती फुगली. ८८ तर मी नुसत्या मासळीवर काढतो! किनाऱ्यावर होड्यांची वाट बघणं, लिलावात मान डोलावणं, सुरमईचे कल्ले उचकटणं, मग चहा. चहाही धरला, खरेदीच्या ओघातलाच तो. बायकोने पिशवी उघडून विचारलं, "आणि हे साफ कोण करतलो?"

सोलांचं तर सांगायलाच हवं. मे महिन्यात आमच्या खळ्यात रातांबे फुटतात. बिया-गर वेगळा, सालं वेगळी. रसात मीठ घालायचं, त्यात सालं बुडवायची, उन्हात पसरायची, संध्याकाळी उचलायची, सकाळी पुन्हा बुडवायची. सालं काळी पडेपर्यंत हेच. बियांचं मुठेल निघतं, ते माझ्या टाचांना. आभाळ भरलं की बायको भरल्या ताटावरून धावते. मी खिडकीतून "पावस इलो गो!" अशी वर्दी देतो. हवामान खात्याची ही सेवाही बिनपगारीच.

आता राष्ट्रीय हिशेबाची गंमत. घरच्यासाठी केलेली वस्तू जीडीपीच्या व्याख्येत बसते, घरच्यांची केलेली सेवा बसत नाही. म्हणजे सोलं आत. त्यांची कढी मला वाढली की बाहेर. तीच कढी खानावळीत पर्यटकाने प्यायली की परत आत! पिगू नावाच्या इंग्रज अर्थशास्त्रज्ञाने १९२० मध्येच लिहून ठेवलंय, की मालकाने स्वयंपाकिणीशी लग्न केलं तर राष्ट्रीय उत्पन्न घटतं. माझं लग्न ठरवताना आईने देशाचा एवढा विचार केला नसावा.

पण २०१० मधला सुप्रीम कोर्टाचा एक निकाल वाचला आणि हसू आटलं. जनगणनेत गृहिणींना भिकारी, कैदी यांच्या रांगेत बसवल्याबद्दल कोर्टाने खडसावलं होतं. खटला कसला? अपघातात गेलेल्या बाईच्या भरपाईचा. बाईच्या कामाचे रुपये मांडायला आधी ती मरावी लागते, याचा मला संताप येतो.

म्हणून जिवंतपणीच हिशेब मांडला. रांधणं, धुणी, भांडी, सगळ्याचे गावातले दर जोडून आकडा ऐटीत वाचून दाखवला. बायको नारळ खवत होती. मान वर न करता म्हणाली, "आणि सुट्टी खंयच्या वाराक?"

मी सोमवार सुचवला. सोमवारी तिचा उपास असतो. माझ्यापुरतंच तर रांधायचं!