सिमकाका

परदेशी सहलीला निघालेल्या प्रत्येक मराठी ग्रुपमध्ये एक सिमकाका असतात. टूर मॅनेजर कंपनी नेमते, कोचचा ड्रायव्हर तिकडचा असतो, सिमकाका मात्र स्वयंभू. मुंबई विमानतळावर टोप्या आणि बॅगांचे टॅग वाटायचं काम चालू असताना जो गृहस्थ टोपी न घेता माणसामाणसाकडे जाऊन "तुमचं कुठलं सिम?" अशी चौकशी करत हिंडतो, तो हा. आपण भाबडेपणाने सांगतो, "रोमिंगचा पॅक टाकलाय." काका विचारतात, "कितीचा?" आपण आकडा सांगतो. काका डोळे मिटतात. मग आपल्या खांद्यावर हात ठेवून म्हणतात, "असू दे. आता गेले ते गेले."

आमच्या युरोप सहलीतले सिमकाका एका सरकारी खात्यातून हिशेबनीस म्हणून निवृत्त झालेले. थर्मल, स्वेटर, जॅकेट अशा तीन थरांखालीही खिशाचाच शर्ट, कारण त्या खिशात कॅमेऱ्याच्या जुन्या रोलची काळी डबी. सिमकार्डं त्या डबीत. प्रत्येक कार्ड कागदाच्या पुडीत, पुडीवर बारीक अक्षरात नोंद : "थायलंड. संपले. असू दे." "सिंगापूर, जावयाचे." एका पुडीवर नुसतंच "चालत नाही (बहुतेक)". फोन दोन. एक मुलाने दिलेला, चकचकीत. दुसरा स्वतःचा, बटणांचा. काकांचा जीव दुसऱ्यात.

विमानात सीटबेल्टच्या सूचनेआधी काकांची सूचना झाली. हवाई सुंदरी पुढून येत होती, काका मागून. "एअरप्लेन मोड करा हो सगळ्यांनी! विमान पडतं म्हणून नव्हे, काही विमानांत विमानाचं स्वतःचं नेटवर्क असतं. ते एकदा का फोनने पकडलं, की झोपेत बिल येतं!" माहिती तंतोतंत खरी. क्रूझवरही हीच गत होते, समुद्रात जहाजाचंच नेटवर्क असतं आणि ते उपग्रहावरून जातं, म्हणून महाग. पण काकांनी ती अशा स्वरात सांगितली की पलीकडच्या रांगेतल्या एका आजींनी फोन बंद करून पर्समध्ये टाकला, पर्सची चेन ओढली आणि वर रुमाल बांधला.

पॅरिसला उतरलो. आयुष्यात सुपारीच्या खांडालाही न शिवलेला हा माणूस पहिल्याच संध्याकाळी तंबाखूच्या दुकानात शिरला. तिथे 'तबा' नावाच्या सिगारेटच्या दुकानांत प्रीपेड सिम मिळतं, हा शोध काका पुण्याहूनच लावून आले होते. काकू बाहेर उभ्या. "अहो, कुणी बघितलं तर काय म्हणेल!" पॅरिसमध्ये कोण बघणार, हा प्रश्न काकूंना पडला नाही, अर्धी सोसायटी त्याच ग्रुपमध्ये होती. आत काकांनी फ्रेंच दुकानदाराशी अस्खलित मराठी हातवाऱ्यांत वाटाघाटी केल्या आणि सिम घेऊन बाहेर आले. किंमत ठरलेलीच होती, पण काका म्हणाले, "शेवटपर्यंत कमी केली नाही बेट्याने." म्हणजे विचारून पाहिलं होतं.

दुसऱ्या दिवशी लूव्र. मोनालिसासमोर रेटारेटी, प्रत्येकाचा हात वर, हातात फोन. त्या गर्दीत काका माझ्या कानाशी म्हणाले, "ही बाई ठीक आहे. पण युरोपातली खरी थोर बाई वेगळी." मला वाटलं, मेरी क्युरी. काका म्हणाले, "व्हिव्हियन रेडिंग. लक्झेंबर्गच्या. २००७ साली युरोपियन कमिशनमध्ये असताना त्यांनी मोबाइल कंपन्यांच्या रोमिंगला पहिली वेसण घातली. दुसऱ्या देशात जाऊन फोन केला तर मिनिटाला ४९ सेंट, आलेला घेतला तर २४, त्याच्या वर कर सोडून एक सेंट लावायचा नाही! तिथून कमी करत करत १५ जून २०१७ ला रोमिंगचा जादा आकारच बंद. युरोपियन युनियनमधलं एका देशाचं सिम दुसऱ्या देशात घरच्या भावात." लग्नाची तारीख काका दरवर्षी विसरतात, असं काकूंचं म्हणणं आहे. ही तारीख त्यांना पाठ होती.

एवढी तयारी असलेला माणूस सुखी असायला हवा. पण युरोपच्या नकाशात एक खोच आहे, तिचं नाव स्वित्झर्लंड. तो देश युरोपियन युनियनमध्ये नाही आणि युरोपियन इकॉनॉमिक एरियातही नाही. तिथे हा नियम लागू नाही. काही कंपन्यांच्या सिममध्ये स्वित्झर्लंड धरलेलं असतं, काकांच्या सिममध्ये नव्हतं. स्वस्त होतं ते उगाच नाही. त्यामुळे जर्मनीतून ऱ्हाइनच्या धबधब्याकडे कोच निघाला तसे काका सीटवरून उठून मधल्या वाटेत उभे राहिले. बाहेर हिरवीगार कुरणं, गळ्यात घंटा बांधलेल्या गाई. सगळा कोच "अय्या!" म्हणत खिडक्यांना चिकटलेला. काका ओरडले, "डेटा बंद करा! देश संपला!" त्या भागात सरहद्द इतकी वेडीवाकडी आहे की रस्ता मिनिटात जर्मनीत आणि मिनिटात स्वित्झर्लंडमध्ये. काकांनी तासभर फोन चालू-बंद केला. धबधबा कसा वाटला असं मी विचारलं तर म्हणाले, "रेंज स्विस होती."

आता ओटीपीबद्दल सांगायलाच हवं.

आपल्या बँका परदेशातही आपल्याला सोडत नाहीत. काहीही ऑनलाइन भरायचं तर ओटीपी येणार, आणि तो येणार भारतातल्याच नंबरवर. जाणकार मंडळी काय करतात, तर भारतातलं सिम फोनमध्ये ठेवतात, त्याचं डेटा रोमिंग बंद ठेवतात, फोन उचलत नाहीत, नुसते एसएमएस येऊ देतात. येणाऱ्या एसएमएसला आपल्याकडच्या कंपन्या सहसा पैसे लावत नाहीत. दुसऱ्या खाचेत तिकडचं सिम. काकांना हे सगळं माहीत होतं. पण त्यांच्या चकचकीत फोनची दुसरी खाच सिम आणि मेमरी कार्ड यांच्यात सामाईक होती आणि तिथे मेमरी कार्ड होतं. त्यात नाट्यसंगीत. ते काढायला काका तयार नव्हते.

टिटलिसला जाताना एंगेलबर्गच्या वळणावळणाच्या रस्त्यावर काकांना आठवलं की पुण्याच्या घराच्या लाइट बिलाची आज शेवटची तारीख. काकूंनी मंगळसूत्राला अडकवलेली सेफ्टी पिन काढून दिली (ऑपरेशन थिएटरमध्ये नर्स देते तशी, न बोलता, मागायच्या आधी). काकांनी पिनेने ट्रे बाहेर काढला, फ्रेंच सिम डबीत, डबीतलं भारतीय सिम चिमटीत, आणि ड्रायव्हरने वळण घेतलं. नॅनो सिम १२.३ मिलिमीटर लांब आणि ८.८ मिलिमीटर रुंद असतं. ते पडल्याचा आवाजही होत नाही. पुढची वीस मिनिटं आल्प्स पर्वत दोन्ही बाजूंनी निघून गेला आणि अख्खा ग्रुप गुडघ्यांवर बसून सीटखाली टॉर्च मारत होता. सीटखाली मागच्या ग्रुपची एक लवंग, गुजराती लेबलाची खाकऱ्याची पिशवी आणि कुणाचा तरी दात सापडला. सिम काकांच्या पँटच्या दुमडीत निघालं. बिल भरलं गेलं. उशिराचा दंड वाचला, तो सात रुपये वीस पैसे, असं काकांनी टिटलिसच्या बर्फात उभं राहून जाहीर केलं.

आता कुणी म्हणेल, माणूस चिक्कू. अजिबात नाही. जर्मनीतल्या टिटिसीला याच माणसाने लाकडी कुकू घड्याळ भाव न विचारता घेतलं. व्हेनिसला सॅन मार्को चौकात फ्लोरियन नावाचं १७२० सालचं कॉफीहाउस आहे. तिथे बाहेर वाद्यवृंद वाजत असतो आणि ऐकण्याचे पैसे बिलात वेगळे लागतात. काकांनी आम्हा आठ जणांना तिथे बसवून कॉफी पाजली आणि बिलाकडे नजरही न टाकता कार्ड दिलं. सुरांचे पैसे त्यांना चालतात, सिग्नलचे नाही. कॉफी येईपर्यंत मात्र त्यांनी वेटरला एकच गोष्ट तीनदा विचारली. वायफायचा पासवर्ड.

मला त्यांचं वय धरलं तर हे कोडं वाटत नाही. हा माणूस ट्रंक कॉल बुक करून दिवसभर फोनशेजारी बसलेल्या घरात वाढला. अमेरिकेतल्या मोठ्या भावाचा फोन यायचा तेव्हा घरातल्या सगळ्यांनी रांगेत उभं राहून "बरा आहेस ना?" एवढंच विचारायचं, उत्तर ऐकायला रांगेतला मागचा वेळ देत नसे. पुढे एसटीडी बूथ आले, तर रात्री अकरानंतर पाव दर म्हणून अकरा वाजायची वाट बघत बाकावर बसायचं आणि बोलताना समोरच्या माणसाऐवजी मीटरच्या लाल आकड्यांकडे बघायचं. १९९५ साली मोबाइल आला तेव्हा मिनिटाला १६ रुपयांपर्यंत दर होता आणि आलेला फोन घेतला तरी पैसे पडत. इनकमिंग फुकट व्हायला २००३ उजाडलं. तोवर काकांचा अंगठा लाल बटणावर कायमचा बसला होता. आजही त्यांचा फोन "ठेवतो" या शब्दाने सुरू होतो.

मिस्ड कॉल ही त्या पिढीची स्वतंत्र विद्या, आणि काकांनी ती सातासमुद्रापार नेली होती. मुलाशी ठरलेलं : एक रिंग म्हणजे पोचलो, दोन म्हणजे जेवलो, तीन म्हणजे हॉटेलच्या वायफायवर आहोत, व्हॉट्सअॅपवर ये. अडचण अशी की इकडे वाजतात तेवढ्याच रिंग तिकडे वाजतात असं नाही. तिसऱ्या दिवशी काका पोचले की जेवले यावरून पुण्यात मुलगा आणि सून यांच्यात वाद झाला. पाचव्या दिवशी तर सुनेने सासऱ्यांचा नंबर बघून प्रेमाने फोन उचलला आणि "बाबा, कसे आहात? आई कशी आहे? थंडी आहे का?" असं विचारत राहिली. त्या प्रेमाचे किती पडले, हा आकडा काकांनी वहीत लिहिला आहे, पण कुणाला दाखवत नाहीत.

खरी बहार हॉटेलच्या लॉबीत. वायफाय लॉबीत दणकट आणि खोल्यांत मरतुकडं, हा युरोपातल्या स्वस्त हॉटेलांचा अलिखित नियम. त्यामुळे रात्री दहाला नाइट ड्रेसवर शाल घेतलेल्या बायका आणि कानटोपीतले पुरुष लॉबीच्या सोफ्यांवर ओळीने. उन्हाळ्यात तिकडच्या आणि आपल्या घड्याळात साडेतीन तासांचा फरक, म्हणजे पुण्यात दीड वाजलेला. काका नातवाला झोपेतून उठवून व्हिडिओ कॉलवर रिसेप्शनजवळच्या लिफ्टचं दार दाखवत होते. "हे बघ, आपोआप उघडतं!" नातू हिंजवडीत तेविसाव्या मजल्यावर राहतो.

त्यांच्या कारकिर्दीचा कळस मात्र लिक्टेनस्टाइनला झाला. स्वित्झर्लंडहून ऑस्ट्रियाकडे जाताना राजधानी वाडुझला कोच थोडा वेळ थांबतो. देश केवढा, तर १६० चौरस किलोमीटर. लोक खेळण्यातल्यासारख्या छोट्या गाडीत बसतात, पैसे देऊन पासपोर्टवर हौसेचा शिक्का मारून घेतात. काका कोचमधून उतरले ते फोन डोक्यावर धरूनच. "हा देश युनियनमध्ये नाही, पण इकॉनॉमिक एरियात आहे, १९९५ पासून! इथे माझं सिम चालणार!" फक्त ऱ्हाइन नदीच्या पलीकडे लगेच स्वित्झर्लंड, आणि फोन आपला पलीकडचा टॉवर पकडतोय. काकांनी सेटिंगमध्ये जाऊन नेटवर्क आपोआप निवडणं बंद केलं, यादीतून लिक्टेनस्टाइनचं नाव हाताने निवडलं, नदीकडे पाठ करून एका बँकेच्या भिंतीला टेकून उभे राहिले आणि तीन दिवस तुंबलेले साठ फोटो सोसायटीच्या ग्रुपवर सोडले. पाठोपाठ तीन दिवसांची सुप्रभातंही. मग हॉटस्पॉट चालू केला आणि आमच्यातल्या रोमिंगवाल्यांना, ज्यांचा पॅक एव्हाना संपला होता, उदारपणे बोलावलं. "या. पण फक्त मजकूर. व्हिडिओ कुणी उघडला तर मला इथे कळतं."

मुलाने त्यांना आधीच सांगितलं होतं की हा सगळा खटाटोप आता लागत नाही. ई-सिम घ्यायचं, अॅपवर पैसे भरायचे, क्यूआर कोड स्कॅन करायचा, स्वित्झर्लंडसकट सगळा युरोप एकात. काकांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "कार्ड कुठाय?" कार्ड नसतंच म्हटल्यावर विषय संपला. न दिसणाऱ्या सिमवर पैसे टाकायचे, मग डबीत ठेवायचं काय? भारतातले रोमिंग पॅकही आता पूर्वीपेक्षा उतरलेत, हे मी रोमच्या विमानतळावर हळूच सुचवून पाहिलं. काका बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "उतरलेत हो. पण मग करायचं काय माणसाने दिवसभर?"

परवा लक्ष्मी रोडवर भेटले. पुढच्या सहलीचा अभ्यास चालू होता. चीन रद्द केलं म्हणाले. तिथलं स्थानिक सिम घेतलं तर व्हॉट्सअॅप बंद, आणि ते चालवायचं तर आपल्या सिमवर रोमिंग हाच सोपा मार्ग. "म्हणजे मुद्दाम महागात जायचं. सांगितलंय कुणी!" मग आवाज खाली आणून, आजूबाजूला बघत म्हणाले, "दुबईला जातोय. तिथे व्हॉट्सअॅपवर फोन लागतच नाही, माहितेय का तुम्हाला? नुसते मेसेज जातात. परवानगी असलेली वेगळी अॅपं घ्यावी लागतात." एवढं बोलून त्यांनी पिशवीतून वही काढली. "दोन पानं झालीत. चहा घेणार का? जरा वेळ लागेल."