पायांपुरती बाई

‘टॉम अँड जेरी’त एक बाई आहे. तिला पोटऱ्या आहेत, एप्रन आहे, हातात झाडू आहे. चेहरा नाही. हॅना-बार्बेरा जोडीने १९४० साली एमजीएमसाठी काढलेल्या पहिल्याच फिल्ममध्ये ती आहे, आणि तेव्हापासून कॅमेरा तिच्या एप्रनच्या वर सहसा चढत नाही. मांजराला चेहरा, उंदराला चेहरा, बुलडॉगला तर चेहऱ्यापेक्षा मोठा जबडा. १९५० च्या ‘सॅटरडे ईव्हनिंग पस’मध्ये बाई पळत घरी येते, तेव्हा तिचं तोंड दिसतं. पापणी लवली की गेलं.

हिला मॅमी टू शूज म्हणतात. आवाज लिलियन रँडॉल्फ यांचा. जाडजूड काळी मोलकरीण, गावंढळ बोली, उंदीर दिसला की स्टुलावर! काळ्या बाईला तेव्हाच्या हॉलिवूडमध्ये एवढीच जागा होती. एनएएसीपी या काळ्या नागरिकांच्या हक्कांसाठी झगडणाऱ्या संघटनेने अशा पात्रांवर आक्षेप घेतला, तो रास्तच होता. पण १९५२ नंतर झालं काय? बाईच गायब. चेहरा द्यायचा राहिला बाजूला, पायही गेले.

मग टीव्ही आला. १९६० च्या दशकात चक जोन्स यांच्या चमूने जुन्या फिल्ममधली बाई खोडून तिथे गोरी, सडपातळ बाई काढली आणि तिला आयरिश हेल दिला. मोलकरीण ठेवलीच, फक्त अपमानाची पाळी आयरिशांवर आली. १९९० च्या दशकात काळी बाई परतली, पण थिया विडेल यांच्या नव्या, सोज्वळ आवाजात. म्हणजे पाय चाळिशीतले, जीभ नव्वदीतली. एवढ्या दुरुस्त्यांत तिला मान उचलून पाहू द्यावं, हे काही कुणाला सुचलं नाही.

दुसरीकडे स्पीडी गोन्झालेस. मेक्सिकोचा हा उंदीर चपळ, त्याचे भाऊबंद मात्र आळशी. मेक्सिकन माणसाचा अपमान होतो म्हणून कार्टून नेटवर्कने १९९९ मध्ये त्याला घरी बसवला. त्यावर लॅटिनो मंडळींनीच ओरड केली: आमचा उंदीर परत द्या! सगळ्या मांजरांना पुरून उरणारा तो त्यांचा हिरो होता. २००२ मध्ये तो परतला. ज्यांच्या वतीने रागवायचं त्यांना आधी विचारावं, ही पद्धत बहुधा अजून रुळलेली नसावी.

आणि २०१३. ‘टॉम अँड जेरी’चा डिस्कसंच येणार होता, त्यातून ‘माउस क्लीनिंग’ ही फिल्म वगळली. तिच्यात कोळशाने माखलेला टॉम काळ्या माणसाची नक्कल करतो आणि बाईला चकवू पाहतो. चाहते चिडले: द्यायचं तर सगळं द्या. कंपनीने संचच रद्द केला.