एजवेअर रोड (कोणतं?)

आमच्या गावाचं नाव कंसाशिवाय पूर्ण होत नाही. तळेगाव (श्यामजी पंत), तालुका आष्टी, जिल्हा वर्धा. कंस गाळला की पत्र दाभाड्यांकडे जातं, ढमढेऱ्यांकडे जातं, नाहीतर तळेगाव दशासरला जाऊन शंकरपट पाहून परत येतं. माझी हयात पोस्टात गेली, त्यामुळे कंसाच्या बाबतीत मी जरा हळवा आहे. सारख्या नावांचा गोंधळ मिटावा म्हणून 1972 साली पिनकोड आला आणि तो आणणारे श्रीराम भिकाजी वेलणकर मराठी होते, हे मी लंडनच्या विमानात शेजारच्या गोऱ्या गृहस्थांना सविस्तर सांगितलं. त्यांनी डोळ्यांवर पट्टी ओढून घेतली.

मुलगा तिकडे नोकरीला. सूनबाईंनी बघण्यासारख्या ठिकाणांची यादी फ्रिजवर चिकटवली होती. तीत लंडन ब्रिज होता. तो पाहिल्यावर कळलं, की फोटोत दिसतो तो टॉवर ब्रिज. एकोणिसाव्या शतकातला लंडन ब्रिज 1968 सालीच एका अमेरिकन माणसाला विकला गेला आणि दगड दगड सुटा होऊन ॲरिझोनात पोचला. एवढं मोठं पार्सल विनातक्रार गेलं, याचं मला व्यावसायिक कौतुक वाटलं. बकिंगहॅम राजवाड्यापुढे पहारा बदलतो म्हणतात. मला पुढच्या माणसाचं जॅकेट दिसलं. बेकर स्ट्रीटला शेरलॉक होम्सच्या नावाचं घर आहे, 221बी. जो माणूस जन्मलाच नाही, त्याला घर क्रमांक आणि वर ‘बी’! आमच्याकडे जितेजागते लोक ‘मारुतीच्या देवळामागे’ एवढ्यावर जन्म काढतात.

त्या दिवशी हिला मेणाचे पुतळे बघायचे होते. तिकिटाचे रुपये करून पाहिल्यावर मी फुकटात दिसणारं बिग बेन पसंत केलं. साडेचारला एजवेअर रोड स्टेशनच्या दारात भेटायचं ठरलं. मुलगाही ऑफिसातून तिथेच येणार होता. सूनबाई हिला पुतळे दाखवून, तपकिरी रेषेच्या गाडीत बसवून, नातवाला शाळेतून आणायला जाणार होत्या. मी वेस्टमिन्स्टरहून पिवळ्या रेषेची गाडी पकडली. शेवटचं स्टेशन एजवेअर रोड. चुकायला जागाच नव्हती, आणि मी चुकलोही नाही.

साडेचार वाजून गेले. ही नाही. फोन लावला.

“अगं, मी स्टेशनच्या दारात उभा आहे.”

“मी बी तं कव्हाची दारातच उभी आहो!”

“नाव वाच.”

“सूनबाईनं कागदावर लिहून देल्लं, तेच हाय. जुळवून पाह्यलं.”

मी रेल्वेच्या माणसाला विचारलं. हेच एजवेअर रोड, तो म्हणाला. तिनेही तिकडच्या माणसापुढे कागद धरला. त्यानेही मान डोलावली. दोघांनाही अधिकृत दुजोरा मिळाल्यावर भांडणाला खरा जोर आला.

“समोर उड्डाणपूल दिसतो?”

“दिसते ना, हा काय!”

“मलाही दिसतो. आता पुतळा बघ. शिडी घेतलेला, काचा पुसणारा माणूस. वर पाहतोय.”

“आत्ताच मेणाचे ढीगभर पुतळे पाहून आली मी. इथं एक बी नाही.”

पुरुषभर उंचीचा काशाचा पुतळा माझ्या शेजारी असताना! मी आवाज चढवला. पुतळा वर पाहत होता. येणारेजाणारे माझ्याकडे पाहू लागले. रोमिंगचं मीटर पळत होतं. मग तिकडून जरा वेळ काही बोलणंच आलं नाही, आणि एकदम: “डब्यातल्या पुऱ्या खाल्ल्या का तुम्ही?”

खाल्ल्या नव्हत्या. इतक्या वर्षांच्या संसारात आम्हाला एकमेकांना शोधावंच लागलं नव्हतं. तळेगावात कोणी हरवलं, तर ते बसस्टँडवर नाहीतर हायवेवरच्या चहाच्या टपरीवर सापडतं. इथे पुलापलीकडे कुठेतरी ही हातात कागद घेऊन उभी होती, आणि तिला काळजी माझ्या पुऱ्यांची.

पाच वाजता मुलगा आला. सगळं ऐकलं आणि हसत सुटला. “बाबा, एजवेअर रोड दोन आहेत.” रस्ता ओलांडून, पुलाखालून तो आईला घेऊन आला. ती होती लाल टाइल्सच्या स्टेशनात.

जगातली पहिली भुयारी रेल्वे 1863 साली सुरू झाली, त्यातलं एक स्टेशन म्हणजे माझं. 1907 साली दुसऱ्या खाजगी कंपनीने हाकेच्या अंतरावर हिचं बांधलं आणि नाव तेच ठेवलं. पुढे कंपन्या एक झाल्या, स्टेशनं दोनच राहिली. शंभर वर्षांत एकालाही कंस सुचला नाही! माझा संताप नातवाच्या झोपेच्या वेळेपर्यंत टिकला. टपालाचं तिकीट यांनीच 1840 साली काढलं, आणि आजही आपल्या तिकिटावर देशाचं नाव छापत नाहीत. राजाचा चेहरा पुरे. आपण कुठे आहोत हे साऱ्या जगाला ठाऊकच आहे, असं धरून चालणाऱ्यांना कंस कशाला लागतो? कंस लागतो तो आमच्यासारख्यांना.

दुसऱ्या दिवशी सगळे मिळून 10, किंग हेन्रीज रोडला गेलो. 1921-22 मध्ये बाबासाहेब शिकत असताना या घरात राहिले. 2015 साली महाराष्ट्र सरकारने ते विकत घेतलं. भिंतीवरच्या निळ्या गोल फलकावर डॉ. भीमराव रामजी आंबेडकर असं पूर्ण नाव, जन्म-मृत्यूची साल, राहिल्याची साल. वडिलांच्या नावासकट. सबंध लंडनात एवढा चोख पत्ता मला दुसरा दिसला नाही. हिने चपला काढून हात जोडले. मीही काढल्या. फरशी बर्फासारखी गार होती, पण घाई कोणालाच नव्हती.

परतताना मुलगा म्हणाला, “उद्या हॅमरस्मिथ स्टेशनला भेटू.”

“ते तरी एकच हाय ना?” हिने विचारलं.

“दोन आहेत, आई. समोरासमोर.”

“मंग मी घरीच खिचडी टाकतो,” ही म्हणाली, “तुम्ही दोन्ही पाहून या.”