आपसी बदली

आनेकल,
20 नोव्हेंबर 2025

ती. आप्पांस,


आम्ही सगळे मजेत आहोत हे आधी आईला सांगा. निपाणी ओलांडली की तिच्या लेखी परदेश सुरू होतो, त्यामुळे तिची काळजी मी समजू शकते. पण इथे तांदूळही मिळतो आणि डॉक्टरही.

परवा फोनवर तुम्ही दोनच गोष्टी विचारल्यात. पोरांची सर्दी गेली का, आणि आयपीएलमध्ये संजू सॅमसन चेन्नईकडे आला, मग त्यांचा कप्तान असलेल्या आपल्या ऋतुराजचं काय. सर्दीचं सांगून झालं. दुसऱ्या प्रश्नावर आमच्या घरातले चौघं एकदम बोलायला लागले आणि तुम्ही फोन ठेवलात. म्हणून हे पत्र.

आमच्या बिल्डिंगची भौगोलिक परिस्थिती आधी सांगते, त्याशिवाय पुढचं कळणार नाही. अत्तिबेलेचा नाका ओलांडला की तमिळनाडू. त्यामुळे तळमजल्यावरचे काका होसूरचे आणि कट्टर चेन्नईवाले. वरच्या मजल्यावरच्या चेची केरळच्या, त्यांना संजू हा घरचाच मुलगा. वॉचमन कन्नडिग, जूनमध्ये बंगळूरने 18 व्या हंगामात कप जिंकल्यापासून तो कुणालाही उठून गेट उघडत नाही. ऑगस्टमध्ये पिवळी मेट्रो बोम्मसंद्रापर्यंत आली, तेव्हा होसूरच्या काकांनी तोसुद्धा चेन्नईचाच विजय मानला.

आता प्रकरण. तुम्ही 30 वर्षं जिल्हा परिषदेत काढलीत, म्हणून तुमच्याच, मास्तरांच्या बदल्यांच्या भाषेत सांगते. अर्जदार संजू सॅमसन. राजस्थानात रुजू 2013. मधली दोन वर्षं शाळेलाच टाळं होतं, तेव्हा दिल्लीत सेवा. 2021 पासून मुख्याध्यापक, 2022 ला शाळा अंतिम फेरीत. मग 2025 ला दुखापत झाली. प्रभारी म्हणून रियान पराग बसला. सलामीच्या जागेवर चौदा वर्षांचा वैभव सूर्यवंशी आला. त्याने पदार्पणातल्या पहिल्याच चेंडूवर आपल्या पालघरच्या शार्दूल ठाकूरला षटकार मारला आणि दीड आठवड्याच्या आत 35 चेंडूंत शतक ठोकलं. जुना जोडीदार बटलर आधीच गेलेला. शाळेचा निकाल खालून दुसरा. माणूस रजेवरून परत येतो तर खुर्चीत दुसरा आणि वर्गावर पोरगं शिकवतंय. अर्ज करेल नाहीतर काय करेल?

तर गेले तीन-चार महिने रविवारी संध्याकाळी पार्किंगमध्ये संजूचा बदली कॅम्प भरत होता. प्राधान्यक्रम भरणारे आम्ही.

वॉचमनचं म्हणणं, बंगळूरला या. पण बंगळूरकडे यष्टिरक्षणाला आपला अमरावतीचा जितेश शर्मा आहे. लखनौविरुद्ध 33 चेंडूंत नाबाद 85 केले त्याने. पद रिक्त नाही. कोलकात्याचं नाव निघालं तेव्हा चेची म्हणाल्या, फार लांब. (संजू राहणार कुठे, जेवणार काय, याची त्यांना जास्त चिंता.) ह्यांना मुंबईच हवी होती. मी म्हटलं, हार्दिक आठवतोय ना? गुजरातला पहिल्याच वर्षी कप मिळवून दिलेला माणूस 2023 च्या नोव्हेंबरात 15 कोटींना परत आला, रोहितच्या जागी कप्तान झाला, आणि वानखेडेवर स्वतःच्याच प्रेक्षकांनी त्याची हुर्यो उडवली. त्या वर्षी मुंबई शेवटची. मुंबईचं पाणी सगळ्यांना सोसत नाही. यशस्वी जयस्वालने नाही का एप्रिलमध्ये गोव्याकडून खेळायला ना हरकत दाखला मागितला आणि पुढच्याच महिन्यात तो रद्द करायचा अर्ज दिला! तुमच्या टेबलावर असे किती यायचे?

धाकट्याने विचारलं, सरळ सोडून का देत नाहीत? लिलावात जाऊ दे. मुद्दा बिनतोड, गेल्या लिलावात ऋषभ पंतला 27 कोटी मिळालेच. पण सोडलं तर राजस्थानच्या हातात 18 कोटींची मोकळी पिशवी, आणि तेवढ्यात दुसरा संजू मिळेल याची हमी कोण देणार? खेळाडूची सही लागते हे खरं, तरी शेवटचा शिक्का मालकाचाच. म्हणजे मागणी करायची ती करा, पण बदल्यात कोण येतो ते आम्ही ठरवू.

इथे थोरलीने तोंड उघडलं. ती बास्केटबॉल खेळायला लागल्यापासून आम्हाला प्रत्येक गोष्ट अमेरिकेत कशी असते ते ऐकावं लागतं. तिकडे म्हणे बहुतेक अदलाबदलीत दोन्हीकडच्या पगारांचा मेळ बसवावा लागतो, आणि बहुतेकांना विचारतसुद्धा नाहीत. लुका डॉन्चिचला फेब्रुवारीत एका रात्रीत डॅलसमधून लॉस एंजेलिसला पाठवलं, तेव्हा त्यालाच धक्का बसला. डेमियन लिलार्डने 2023 ला मायामीच हवं असा हट्ट धरला, त्याला मिलवॉकीला धाडलं. जेम्स हार्डनने तर चीनमध्ये जाऊन जाहीर कार्यक्रमात आपल्या साहेबाला खोटारडा म्हटलं, आणि त्याला हवी ती बदली मिळाली! तुमच्या खात्यात हे आधी कळलं असतं तर तुम्ही दुर्गम भागात नऊ वर्षं काढली नसतीत.

शेवटी 15 तारखेला आदेश निघाला. संजू 18 कोटींसकट चेन्नईला. बदल्यात रवींद्र जडेजा राजस्थानला, पण 18 चे 14 कोटी होऊन, आणि वर सॅम करन. चेचींनी पायसम वाटलं. होसूरचे काका मात्र दोन दिवस खाली आलेच नाहीत. संजू हवा म्हणून तीन महिने तेच घसा ताणत होते, पण किंमत जडेजा असेल हे त्यांच्या गावी नव्हतं. 2023 च्या अंतिम सामन्यात शेवटच्या दोन चेंडूंवर षटकार आणि चौकार मारून कप आणणारा माणूस! नाराज होता एक, आणि सामान बांधलं दुसऱ्याने. आपसी बदलीत दोघांच्या सह्या असतात, पण तुम्हीच सांगायचात ना, दोघांतला एकच पेढे वाटतो.

त्यात गंमत बघा. हाच जडेजा 2008 ला राजस्थानकडूनच पहिला कप जिंकला होता. 2010 ला तोच नाराज होऊन परस्पर दुसऱ्या संघाशी बोलणी करायला गेला, तर वर्षभराची बंदी घातली होती. तेव्हा जे केल्याबद्दल घरी बसवलं, तेच आज रीतसर अर्ज करून दुसऱ्याने केलं आणि त्यात जडेजा परत मूळ शाळेत! ते ऐकून हे इतके हसले की सासूबाई आतून बघायला आल्या.

आता तुमचा प्रश्न. ऋतुराजची खुर्ची शाबूत आहे. चेन्नईने त्याच दिवशी जाहीर केलं की कप्तान तोच. तुमचा जीव भांड्यात पडला असेल, पण माझा अजून नाही. राजस्थानातला कप्तान हाताखाली सहशिक्षक म्हणून आलाय, मागे यष्टींपाशी धोनी उभा आहे, आणि पुण्याच्या पोराने त्या दोघांना क्षेत्ररक्षण कुठे करा ते सांगायचं. एप्रिलमध्ये बोलू.

आईला नमस्कार. मुलं पाया पडतात.

तुमची,
बेबी

ता. क. धाकट्याच्या पिवळ्या जर्सीवर पाठीमागे जडेजाचं नाव आहे. ती आता घालायची की नाही यावर घरात दोन तट पडलेत. सासूबाईंनी फरशी पुसायला मागितली आहे. तुमचं मत कळवा, आणि येणाऱ्या कुणाबरोबर भाजणी पाठवा.