घोडागाडी पुरे, गाणी ऐका

व्हॅश्टी बन्यनबद्दल काहीही वाचायला घ्या, दुसऱ्या परिच्छेदापर्यंत घोडागाडी येतेच. १९६८ साली ही इंग्लिश गायिका मित्रासोबत घोडागाडीतून लंडनहून स्कॉटलंडमधल्या स्काय बेटाकडे निघाली. गायक डोनोव्हनने तिकडे जागा घेतली होती. वाटेत गाणी सुचली, निर्माता जो बॉइडने ती ध्वनिमुद्रित केली आणि १९७० मध्ये ‘जस्ट अनदर डायमंड डे’ निघाला. फारसा कुणी घेतला नाही. तिने गाणं सोडलं. २००० साली तोच अल्बम पुन्हा बाजारात आला, तरुण गायकांनी डोक्यावर घेतला, आणि २००५ मध्ये, तिच्या वयाच्या साठाव्या वर्षी, दुसरा आला: ‘लुकआफ्टरिंग’.

गोष्ट खरी आहे, सुंदरही आहे. माझं भांडण समीक्षकांशी आहे. कौतुक त्यांनी उदंड केलं, पण ते पस्तीस वर्षांनी परतण्याचं. शिवाय एक पालुपद: आवाज तसाच, काळ जणू थांबलेला.

काळ कुठे थांबलाय? पहिल्या अल्बमात रस्ता, शेतं, गुरं, ऊन आहे. विशीतल्या मुलीने पाहिलेलं जग. दुसऱ्यात ‘हिअर बिफोर’ आहे. आपल्याच मुलांकडे बघताना, ही आधी कधीतरी येऊन गेली असावीत, असं वाटणाऱ्या आईचं गाणं. ‘वेवर्ड’ आहे. त्यात घर सांभाळत मागे राहावं लागलेली, पण पाय बाहेर ओढत असलेली बाई आहे. ही गाणी विशीत लिहिता येत नाहीत. मधल्या काळात तिने मुलं वाढवली, जनावरं पाळली, संसार केला. त्यातूनच ही आली. त्या वर्षांना ‘गायब होणं’ म्हणणाऱ्या समीक्षकांना बाईचं घरातलं आयुष्य दिसतच नाही. याचा मला खरोखर संताप येतो.

तिच्यावर ‘फोक’चा शिक्काही असाच मारलेला. ती स्वतः वर्षानुवर्षं सांगते आहे की मी फोक गायिका नाही. १९६५ मध्ये ‘रोलिंग स्टोन्स’च्या जॅगर आणि रिचर्ड्स यांनी लिहिलेल्या गाण्याची एकल तबकडी घेऊन ती आली, तेव्हा तिला पॉप गायचं होतं. ऐकतो कोण!

आता प्रत्यक्ष ‘लुकआफ्टरिंग’. निर्माता मॅक्स रिख्टर, आणि त्याचा संयम ही इथली मोठी कमाई. जोआना न्यूसमची हार्प असो की पियानो, आवाजावर कुणी स्वार होत नाही. श्वास ऐकू येतो. १९७० च्या अल्बमचं तंतुवाद्य-संयोजन करणारा रॉबर्ट कर्बी इथे फुंकवाद्य वाजवतो. उत्तरार्धात मात्र लय बदलत नाही, दोन-तीन गाणी एकमेकांत मिसळून जातात. हेही कुणीतरी स्पष्ट लिहायला हवं होतं. साठीच्या कलावंताला दोष न दाखवणं हा आदर नव्हे, तिला गंभीरपणे न घेणं आहे.

आणि २०१४ चा ‘हार्टलीप’? तिला संगीताची लिपी वाचता येत नाही, पियानोवर एका वेळी एकच हात चालतो. तरीही त्या अल्बमचं बहुतेक संयोजन तिने स्वतः, हवं तसं जमेपर्यंत बसून, केलं. परीक्षण लिहायचंच असेल तर त्या कामाचं लिहा.