शहाजाद्याचा जमाखर्च

सोलापुराहून अक्कलकोटास जाणाऱ्या रस्त्यावर गुरुवारी सकाळी दोन प्रकारची मंडळी दृष्टीस पडतात. एक स्वामी समर्थांच्या दर्शनास निघालेली आणि दुसरी एमआयडीसीतल्या कारखान्यांत हजेरी लावण्यास निघालेली. पहिलीच्या मुद्रेवर भक्ती असते, दुसरीच्या मुद्रेवर उशीर. आणि उभ्या नोकरीत मी या दुसऱ्या वर्गाचा निष्ठावंत सभासद राहिलो असल्यामुळे, पर्शियाच्या एका शहाजाद्याच्या डोक्यावर साठ मिनिटांची मुदत लटकत असलेली प्रथम पाहिली, तेव्हा मला त्याच्याविषयी जो तत्काळ बंधुभाव वाटला तो निव्वळ कलात्मक नव्हता, हे आरंभीच कबूल केलेले बरे.

गोष्ट 1993 सालची. मी ज्या टेरी टॉवेलच्या कारखान्यात कारकून होतो, तेथे संगणक आला तो गरजेपोटी नव्हे, तर शेजारच्या कारखान्यात तो आधी आला म्हणून. मालकांनी त्याच्यासाठी दप्तराच्या खोलीतून काचेचे एक दालन वेगळे काढले, त्यात थंड हवेची तजवीज केली, बाहेर पायताणे काढून आत जाण्याचा शिरस्ता घातला, आणि दुय्यम प्रतीत निघालेल्या एका मोठ्या टॉवेलाची झूल शिवून ती त्या यंत्रावर चढवली. खंडेनवमीला मागांबरोबर त्याचीही पूजा झाली. मालकांच्या मातोश्रींनी पडद्याच्या ऐन मध्यभागी हळदकुंकू लावले, आणि ते पुसण्याची हिंमत कुणात नसल्यामुळे पुढचे तीन आठवडे आम्ही पगारपत्रकातील आकडे त्या कुंकवाच्या डावी-उजवीकडून डोकावून वाचले.

वास्तविक मागाच्या घरी संगणकाचा एवढा पाहुणचार होण्याचे कारण नव्हते, कारण तो परका नव्हेच. लिआँ शहरच्या जोसेफ मारी जाकार याने 1804 च्या सुमारास मागावर भोके पाडलेल्या पुठ्ठ्याच्या कार्डांची माळ बसवली, आणि कोणता दोरा उचलायचा व कोणता खाली ठेवायचा हा विणकराच्या हयातभराच्या अनुभवाचा प्रश्न ‘भोक आहे की नाही’ एवढ्यावर आणून ठेवला. त्याच जाकाराची रेशमात विणलेली एक तसबीर होती, जिला चोवीस हजार कार्डे लागली होती. तिची एक प्रत चार्ल्स बॅबेजने मिळवली, आणि आपल्या नियोजित गणनयंत्रासाठी कार्डांची युक्ती मागाकडूनच उसनी घेतली. तेव्हा आमच्या शेडमध्ये चादरीवर मोर उठवणारी कार्डांची माळ ही नात्याने काचेच्या दालनातल्या त्या पाहुण्याची आजी लागत होती. आजी बाहेर तंतूंच्या धुळीत खडखडत होती, आणि नातू आत थंड हवेत झूल पांघरून बसला होता. घरोघरी चालते तसेच.

यंत्र शिकवायला पुण्याहून एक तरुण आला होता. चार दिवसांत त्याने आम्हांला शिकवायचे ते शिकवले, आमच्या कडक भाकरीविषयी आपले मत दिले, आणि जाताना चपट्या तबकड्यांचा एक डबा विसरून गेला. त्यांतल्या ‘पगार जुना’ असे लिहिलेल्या तबकडीच्या यादीत मला ‘प्रिन्स’ नावाची नोंद दिसली. छपाईसाठी ‘प्रिंट’ हा हुकूम द्यावा लागतो एवढे माझे ज्ञान होते, आणि प्रिन्स ही त्याच हुकमाची एखादी थोरली, खानदानी आवृत्ती असावी अशा समजुतीने मी तो शब्द लिहून कळ दाबली. छपाईयंत्र ढिम्म राहिले. पडद्यावर मात्र एक महाल उभा राहिला. सुलतान मोहिमेवर गेलेला, वजीर जाफर मोकाट सुटलेला, आणि त्याने राजकन्येसमोर वाळूचे घड्याळ ठेवून फर्मावलेले, की तासाभरात माझ्याशी निकाह लाव, नाहीतर मर. नंतर तळघरात एक पांढऱ्या कपड्यांतला मनुष्य येऊन पडला व उठून स्वस्थ उभा राहिला. मी दोन मिनिटे वाट पाहिली, तो हलेना. पुढे माझ्या ध्यानात आले की तो माझ्या हुकमाची वाट पाहत होता. माझ्या हुकमाची वाट पाहत कुणी उभे राहिल्याचा तो माझ्या आयुष्यातला पहिला प्रसंग होय.

‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ हा खेळ जॉर्डन मेकनर नावाच्या अमेरिकन तरुणाने जवळजवळ एकहाती रचला, आणि तो 1989 साली प्रथम प्रसिद्ध झाला, ही माहिती मला पुष्कळ वर्षांनी मिळाली. मेकनरने आपल्या धाकट्या भावाला पांढरे कपडे घालून पळायला, लोंबकळायला व उड्या मारायला लावले, त्याचे चित्रीकरण केले, आणि त्यातले एकेक चित्र गिरवून शहाजाद्याला हालचाल दिली. त्याचे फळ असे, की हा शहाजादा इतर खेळांतल्या बाहुल्यांसारखा जागच्या जागी थबकत नसे. पळता पळता थांबायला त्याला दोन पावले अधिक लागत, आणि ती दोन पावले बहुधा कड्याच्या पलीकडे असत. पायांखालच्या फरश्या निखळत, जमिनीतून अणकुचीदार सळ्या निघत, भिंतीतल्या पोलादी जबड्यांतून वेळ साधून पार व्हावे लागे, आणि वाटेत ठेवलेल्या कुप्यांपैकी काहींत प्राण तर काहींत विष असे. प्राणाची कुपी तांबडी व विषाची निळी, हा भेद खेळकर्त्याने दयाबुद्धीने ठेवला होता. परंतु आमचा पडदा एकरंगी होता. सबब आमचा शहाजादा प्रत्येक कुपी परमेश्वरावर हवाला ठेवून पीत असे.

आणि तो मरे तरी किती! आमचा जॉबर, जो एरवी तुटलेला दोरा दहा पावलांवरून हेरत असे, तो काचेला नाक लावून उभा राही आणि म्हणे, “काय करालास बे? परत मेला की ते!” मागांच्या त्या गदारोळात मृत्यूचा आवाज आम्हांला कधी ऐकू आला नाही. खेळाला संगीत आहे, हा शोध आम्हांला एका साप्ताहिक सुट्टीला लागला, जेव्हा माग बंद होते आणि वीज चालू होती. असा योग एरवी येत नसे. ते संगीत मेकनरच्या वडिलांनी रचले होते. भाऊ नाचवला, बाप बसवला. गृहोद्योग म्हणतात तो हाच, आणि आमच्या पूर्व भागातल्या घराघरांतले कांड्या भरणे याहून फारसे वेगळे नव्हते.

परंतु या हकिकतीचे खरे नायक आमचे दिवाणजी होत. धोतर, काळी टोपी, कानावर पेन्सिल, आणि खतावणीतला एक पैसा जुळेना तर रात्री अन्न न जाणारी प्रकृती. संगणकाशी त्यांचा उभा दावा होता. एके दुपारी ते कसल्याशा व्हौचरची कैफियत विचारायला पायताणे काढून आत आले, आणि मी झूल ओढायच्या आत त्यांची नजर पडद्यावर गेली.

“हा कोण?”

“शहाजादा,” मी म्हणालो.

“कोणत्या खात्याकडचा?”

मी सगळी हकिकत कथन केली. वजिराच्या अरेरावीचे त्यांना आश्चर्य वाटले नाही. बुद्धिबळाच्या पटावर वजीर राजापेक्षा शिरजोर असतो हे ते लहानपणापासून जाणून होते. मात्र साठ मिनिटांची मुदत ऐकताच त्यांनी कानावरची पेन्सिल काढली. “म्हणजे आरंभीची शिल्लक साठ,” ते म्हणाले, “आणि जमा काहीच नाही. नुसता खर्च.” ते खाली बसले. त्या दिवशी त्यांचा चहा तसाच निवला.

इतरांनी तो खेळ शौर्याने खेळला. दिवाणजींनी तो काटकसरीने खेळला. ते कधी धावत नसत. शिफ्टची कळ दाबून एकेक सावध पाऊल टाकीत, हललेली फरशी टिपून ठेवीत, आणि तिसऱ्या टप्प्यावर जो हाडांचा सांगाडा उठून लढायला येतो, तो तलवारीने मरत नसून त्याला खड्ड्यात ढकलावे लागते, हे त्यांनी दोन बैठकांत ताडले. “बुडीत खाते आहे,” त्यांचा अभिप्राय, “वसूल होणार नाही, निर्लेखित करा.” आठव्या टप्प्यावर शहाजादा बंद दाराआड अडकतो, तेव्हा राजकन्या एक पांढरा उंदीर पाठवते आणि तो कळीवर पाय देऊन दार उघडतो. गोदामातल्या टॉवेलांच्या गठ्ठ्यांवर ज्या जातीने वर्षानुवर्षे दरोडे घातले, तिच्यातला एक सदस्य कामास आलेला पाहून दिवाणजी इतके हेलावले, की त्या आठवड्यापुरता गोदामातला सापळा त्यांनी उचलून ठेवायला लावला. आमच्या संगणकाला ‘माउस’ पुढे काही वर्षांनी मिळाला. त्याने आमचे एकही दार उघडले नाही.

आता छायेविषयी. चौथ्या टप्प्यावर वाट आरशाने अडवलेली असते. शहाजादा धावत जाऊन त्यातून उडी घेतो, आणि दुसऱ्या बाजूने त्याचीच काळी छाया बाहेर पडून पळून जाते. पुढे ती आपली कुपी पिऊन टाकते, आपल्या तोंडावर दार लावते, आणि शेवटच्या टप्प्यावर तलवार उपसून समोर उभी राहते. हे पात्र निपजले दारिद्र्यातून. मेकनर ज्या ॲपल यंत्रावर काम करीत होता त्याची स्मरणशक्ती संपत आली होती, नवा शत्रू रंगवायला जागा नव्हती. म्हणून त्याने नायकाचीच चित्रे घेऊन आकड्यांच्या किंचित सरमिसळीने त्यांची एक चमचमती छाया बनवली. दुय्यम प्रतीच्या मालातून झूल शिवणाऱ्या आम्हां लोकांना ही युक्ती परकी वाटण्याचे कारण नाही.

दिवाणजी त्या छायेसमोर पोहोचले तो दिवस शनिवार होता. दालनात दाटी झाली होती. त्यांनी वार केला. छायेचा एक प्राण गेला, आणि त्याच क्षणी शहाजाद्याचाही गेला. पुन्हा वार, पुन्हा दोघांचे नुकसान. “मार की बे, मार!” करीत जॉबर आपण कुणाला बे म्हणत आहोत हे विसरला. दिवाणजींनी हात थांबवला आणि चष्मा वर केला.

“उलट नोंद आहे ही,” ते म्हणाले. “नावे आणि जमा एकाच खात्यात पडते आहे. मारून काय उपयोग? रुजवात घाला.”

आणि त्यांनी खालचा बाण दाबून तलवार म्यान केली. छायेनेही केली. दोघे एकमेकांकडे चालत आले आणि एक झाले. पुढे जेथे दरी दिसत होती तेथे शहाजाद्याच्या पावलागणिक फरशी उमटत गेली. जगभरच्या तरुण खेळाडूंनी या जागी किती रात्री घालवल्या असतील कोण जाणे. आमच्या दिवाणजींना द्विनोंदी पद्धतीने दीड मिनिट लागले.

जाफर समोर आला, तलवारीला तलवार भिडली, आणि वीज गेली.

माग एकापाठोपाठ एक थांबले. त्या शांततेत दिवाणजींनी टोपी सारखी केली आणि म्हणाले, “चिंता नको. या टप्प्याच्या आरंभी मी नोंद करून ठेवली आहे.” सोमवारी तेथून पुढे चालू करू, असे सांगून ते घरी गेले. संध्याकाळी वीज आली. मी एकटाच होतो. दिवसभराच्या त्या पराक्रमाने माझ्याही अंगात शौर्य संचारले; मी नवा डाव मांडला, आणि आयुष्यात प्रथमच तिसऱ्या टप्प्यावर पोहोचलो. तो विक्रम हातचा जाऊ नये म्हणून मी मोठ्या डौलाने कंट्रोल आणि जी या कळा दाबल्या. खेळ जतन झाल्याचे यंत्राने कळवले. जतनासाठी त्यात जागा एकच असते, आणि नवी नोंद जुनीवर चढते, हे मात्र त्याने कळवले नाही.

सोमवारी दिवाणजींनी जुना डाव मागवला, आणि महालाऐवजी तळघर आले. समोर तो सांगाडा. ते बराच वेळ पाहत राहिले. मी व्हौचरे लावण्यात कमालीचा गढून गेलो होतो. “माझ्याच हातून काही चुकले असेल,” एवढे म्हणून त्यांनी पायताणे घातली, आणि पुन्हा त्या दालनात ते कामाव्यतिरिक्त आले नाहीत.

2012 साली मेकनरच्या वडिलांना घरातल्या कपाटाच्या मागे एक खोके सापडले; त्यात मूळ खेळाची आज्ञावली असलेल्या, हरवल्या म्हणून सोडून दिलेल्या तबकड्या होत्या. जाणत्यांनी तेवीस वर्षांनी त्या वाचून काढल्या, आणि मेकनरने ती आज्ञावली सर्वांसाठी खुली केली. ही बातमी वाचून मला कौतुक वाटले, आणि थोडी धास्तीही. जुनी दप्तरे अशी अवचित उघडू लागली तर अवघड. माझी धास्ती अनाठायी नव्हती. मी निवृत्त होताना माळ्यावरची बासने खाली काढली, त्यांत दिवाणजींच्या हातची एक किरकोळ खर्चाची वही निघाली. तोवर त्यांना जाऊन बरीच वर्षे झाली होती. मागच्या पानांवर, वळणदार अक्षरात, शहाजाद्याचे खाते होते: आरंभीची शिल्लक मिनिटे 60, पुढे टप्प्याटप्प्याचा खर्च, प्रत्येकापुढे कारणासह, ‘सळ्यांमुळे वाया’, ‘वाट चुकली’, ‘मालक आले’. अकराव्या टप्प्याअखेर शिल्लक मिनिटे 11. त्याखाली तांबड्या शाईची रेघ, आणि रेघेखाली सोमवारची तारीख घालून माझे नाव, हुद्द्यासकट: ‘यांजकडून येणे, मिनिटे 11.’

शेजारी रुजवातीची खूणही होती.