टाकीपर्यंत हात

आमच्या गल्लीतले नाना निवृत्त झाले आणि तिसऱ्याच आठवड्यात त्यांनी एक जुनी टेम्पो ट्रॅव्हलर विकत घेतली. शाळेची पोरं वाहून ती गाडीही निवृत्तच झाली होती, त्यामुळे दोघांचं जमलं. पुढचे सहा महिने जळगावच्या मेहरूणमधला एक सुतार, एक वेल्डर आणि एक वायरमन नानांच्या पेन्शनवर जगले. बाकं गेली, पलंग आला. मोरी आली, ओटा आला, ओट्यावर दोन बर्नरची स्टीलची शेगडी आली. परदेशात याला कॅम्पर व्हॅन म्हणतात, असं नाना सांगतात. आपल्याकडे विंचू हेच पूर्वीपासून करत आलाय, फक्त त्याला व्हिडिओ टाकता येत नाही.

राज्य सरकारनेही २०२१ साली कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण जाहीर केलंय. त्या बातमीचं कात्रण नानांनी लॅमिनेट करून गाडीच्या दाराला आतून चिकटवलंय, कोणी अडवलंच तर दाखवायला. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे गाडीच्या मूळ बांधणीत बदल करायचा तर आधी मंजुरी घ्यावी लागते, हे मी त्यांच्या कानावर घातलं. नाना म्हणाले, "कात्रण आहे ना."

तर सगळं झालं आणि गॅस राहिला.

नाना पाहतात त्या व्हिडिओतल्या गोऱ्या माणसाच्या गाडीखाली प्रोपेनची टाकी कायमची बसवलेली असते. तो गाडी घेऊन पंपावर जातो, पंपवाला नळी जोडून टाकी भरतो, दोघं एकमेकांना शुभेच्छा देतात. नानांना अगदी तश्शी हवी होती. भंगारातून कुठल्याशा गाडीची एलपीजीची टाकी आली. वेल्डरने ती गाडीच्या पोटाखाली, स्टेपनी आणि मागच्या अ‍ॅक्सलच्या मधल्या बेचक्यात पट्ट्या मारून अशी आवळली की भूकंप झाला तरी हलू नये. हे सगळं झाल्यावर समजलं की व्हॉल्व्हचं तोंड अ‍ॅक्सलकडे आहे.

मी स्वतः बारदानावर उताणा पडून, मोबाइलची बॅटरी तोंडात धरून हे पाहिलंय. कोपर चेसिसला अडतं. तिथून मनगट वळवलं तर मधल्या बोटाचं टोक पितळी नटाला लागतं, पण फिरवायचं म्हटलं तर दोन बोटांचं अंतर कमी पडतं. टाकीवर पूर्वी काही अक्षरं कोरलेली असावीत. ती कोणीतरी घासून काढली होती आणि त्यावर चांदीचा रंग मारला होता. त्या अक्षरांत टाकीचं वय आणि शेवटची तपासणी लिहिलेली असते. अशा टाकीची ठरावीक मुदतीने दाबाखाली चाचणी व्हावी लागते. नानांची टाकी वयाच्या बाबतीत एखाद्या नटीइतकीच मोघम होती.

मेहरूण तलावाच्या काठी सकाळी फिरायला येणाऱ्यांत ज्यांना सगळं येतं असे किमान चाळीस जण आहेत. दुसऱ्या दिवशी ते सगळे नानांच्या गाडीखाली वाकून गेले. गुडघ्यांसाठी चालणारी माणसं, पण त्या दिवशी कोणाचा गुडघा दुखला नाही. एकाने एल पाना सुचवला. एकाने सांगितलं, व्हॉल्व्हला कोपरा लावून तांब्याची नळी बाहेर काढा, आपल्याकडे फ्रिजवाला आहे ओळखीचा. तिसऱ्याने गाडीची मागची चाकं नाल्याच्या कठड्यावर चढवायला सांगितली. चौथ्याचा तोडगा सगळ्यांनाच पटला: "ज्याचा हात बारीक असंल असा पोरगा पहा ना भो. गॅरेजला भेटंल."

मग दोन दिवस मेहरूण भागात बारीक हाताच्या पोराचा शोध सुरू होता. स्थळ पाहावं तशी मनगटं पाहिली गेली. पोराच्या हाताखाली काय उघडणार आहे, त्यातून काय येणार आहे आणि ते आलं तर पोरगा तिथून सरपटत बाहेर कसा निघणार, हे एकानेही विचारलं नाही. मीही नाही. मी बॅटरी धरली होती. समाजात लेखकाचं काम तेवढंच असतं, असा माझा समज आहे.

आता गॅस द्यायचा कोणी? नानांनी आधी सरळ मार्ग धरला, हे त्यांच्या बाजूने नोंदवायला हवं. गाड्यांत एलपीजी वापरायला आपल्याकडे २००० साली कायद्यात दुरुस्ती करून परवानगी दिली गेली, त्यासाठी वेगळे पंप आले. अशाच एका पंपावर नाना घरगाडी घेऊन गेले. तिथला पोरगा खाली वाकला, टाकी पाहिली, वर आला आणि म्हणाला, "काका, ही गाडी तर डिझेलवर चालते."

"हो. गॅस शेगडीला लागतो."

"मग शेगडी घेऊन या," असं तो म्हणाला नाही, पण त्याच्या चेहऱ्यावर ते होतं. पंपावरचा गॅस इंजिनासाठी, तोही मान्यताप्राप्त टाकीत, आरसी बुकात नोंद असेल तर. नाना अपमानित होऊन परतले. स्फोटक गोष्टींचे परवाने पाहणारी पेसो नावाची केंद्रीय संस्था आपल्या नागपुरातच आहे, त्या खात्याचा जन्म १८९८ सालचा, तिथे एक अर्ज टाकून पाहा, असं मी सुचवलं. नानांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की मी पुढे बोललो नाही. एवढ्या जुन्या खात्याला घाई नसणार, हे त्यांना नोकरीच्या अनुभवावरून माहीत होतं.

सरळ मार्ग संपला की खान्देशात एक वाक्य ऐकू येतं: "टेन्शन नका घेऊ, आपला माणूस आहे."

आपल्या माणसाचं दुकान आहे. पाटीवर लिहिलंय की इथे शेगडी आणि कुकर दुरुस्त करून मिळतील. दुकानात कुकर एकच आहे आणि त्यात स्क्रू ठेवलेत. आतल्या बाजूला पोत्याखाली लाल सिलिंडर, एक वजनकाटा आणि एक छोटी विजेची मोटर. चौदा किलो दोनशे ग्रॅमचा घरगुती सिलिंडर काट्यावर उलटा ठेवायचा, नळीचं एक टोक त्याला, दुसरं गाडीला, मधे मोटर. काट्यावर जेवढं वजन उतरेल तेवढे पैसे. व्यवहार चोख, त्यात ग्रॅमचीही फसवणूक नाही. ओम्नीवाले, रिक्षावाले, सगळे याच काट्यावर विश्वास ठेवून असतात. ओम्नी ही आमच्याकडची खरी कॅम्पर व्हॅन. १९८४ ला आली, २०१९ ला कारखान्याने बंद केली, पण आमच्याकडे ते कोणी मनावर घेतलेलं नाही. वऱ्हाड, केळी, पेशंट, बकऱ्या, सगळं त्यातून जातं आणि मागच्या सीटखाली टाकी असते.

दुकानाला लागून चहाची गाडी आहे. स्टोव्ह दिवसभर भणभणत असतो. "गॅस भरेस्तोवर चहा घ्या," आपला माणूस म्हणाला. त्याने स्वतः बिडी मात्र विझवली. चपलेखाली, गाडीपासून चांगली दीड पावलं लांब जाऊन. सुरक्षितता म्हणतात ती हीच.

इथे मला जुन्या सवयीने थोडं वाचावंसं वाटलं आणि वाचून चहा कडू लागला. एलपीजीला स्वतःचा वास नसतो. आपल्याला येतो तो मर्कॅप्टनचा, मुद्दाम मिसळलेला. हा गॅस हवेपेक्षा जड, जवळजवळ दीडपट ते दुप्पट. गळला की वर उडून जात नाही. पाण्यासारखा उतार शोधतो, गटारीत उतरतो, गाडीखाली साचतो, शेजारच्या स्टोव्हपर्यंत जमिनीलगत चालत जातो. हवेत जेमतेम दोन टक्के झाला तरी ठिणगी पुरते आणि ती ठिणगी त्या मोटरच्या पोटातच असते. चाळीस जण जिथे हात पोचवायला धडपडत होते, तिथे गॅस कोणाच्या मदतीशिवाय पोचतो.

दुसरं म्हणजे टाकी काठोकाठ भरायची नसते. ८० टक्क्यांवर थांबायचं असतं. द्रव गॅस उन्हाने फुगतो आणि त्याला फुगायला वरती मोकळी जागा लागते. गाडीच्या खऱ्या टाकीत यासाठी व्हॉल्व्हला आतून तरंगता गोळा असतो, पातळी आली की तो रस्ता बंद करतो. हा गोळा आपला माणूस काढून देतो. गिऱ्हाईकाला टाकी 'फुल्ल' लागते. आणि जळगावचं ऊन मे महिन्यात ४५ अंशांवर जातं, तेव्हा घरातल्या माठाला घाम फुटतो.

२०२४ च्या नोव्हेंबरात मेहरूणपासून जवळ, इच्छादेवी चौकाच्या भागात, एका ओम्नीत असाच घरगुती गॅस भरताना स्फोट झाला. माणसं होरपळली आणि त्यातली काही दवाखान्यातून परत आली नाहीत. याच्यावर मला विनोद सुचत नाही.

विनोद त्याच्या नंतरचा आहे. असं काही झालं की मोहीम निघते. मोहीम पंधरा दिवसांची असते. पेपरात फोटो येतो: समोर ओळीने लाल सिलिंडर, एक मोटर, एक वजनकाटा आणि मागे ओळीने पथक. १९५५ च्या जीवनावश्यक वस्तू कायद्याखाली गुन्हा दाखल, असं खाली छापलेलं असतं. त्या कायद्याच्या पोटी २००० साली निघालेल्या आदेशात घरगुती सिलिंडर कुठे वापरायचा आणि कुठे नाही, हे सोप्या भाषेत लिहिलंय. फोटोतल्या वजनकाट्याकडे मात्र मला दरवेळी पाहावंसं वाटतं. तो काटा इतका ओळखीचा झालाय की आता त्याने फोटोसाठी मानधन मागायला हरकत नाही. सोळाव्या दिवशी पोत्याखाली नवा काटा.

नानांचं पुढे काय झालं? चहा संपायच्या आत नानी आल्या. दोन पिशव्या भाजी हातात, त्यावर मेहरूणची बोरं. त्यांनी उलटा सिलिंडर पाहिला, मोटर पाहिली, स्टोव्ह पाहिला आणि गाडीखालून बाहेर आलेले दोन बारीक पाय पाहिले.

"कोणाचं पोरगं आहे?"

कोणीच बोललं नाही.

"ये बाहेर रे बाबा." पोरगा बाहेर आला. नानींनी त्याला मूठभर बोरं दिली. मग नानांना विचारलं, "आपल्या घरी गॅस कसा येतो?"

"सिलिंडर येतो."

"भरायला येतात का बदलायला?"

या एका प्रश्नावर सहा महिन्यांचं वेल्डिंग संपलं. आपल्या देशात सिलिंडर भरायचा नसतो, बदलायचा असतो. रिकामा द्या, भरलेला घ्या, भरण्याची कटकट कारखान्याची. पाच किलोचा छोटा सिलिंडर त्याचसाठी आहे. इंडियन ऑइल त्याला 'छोटू' म्हणते. ओळखपत्र दाखवलं की एजन्सीत आणि काही पेट्रोल पंपांवरही मिळतो, पत्त्याचा पुरावा लागत नाही. ज्याचं घरच चाकावर आहे त्याच्यासाठी याहून सोयीचं काय असणार?

नानांना ते अजिबात आवडलं नाही. अवघड गोष्ट सोपी निघाली की आमच्याकडे माणसाला फसवल्यासारखं वाटतं. पण नानींनी सुताराला आणि वेल्डरला पुन्हा बोलावलं. गाडीच्या मागच्या कोपऱ्यात पत्र्याचं कपाट झालं. ते फक्त बाहेरूनच उघडतं, आतल्या पलंगाच्या बाजूला त्याला फट नाही. तळाला दोन मोठी भोकं, गळलाच गॅस तर खाली रस्त्यावर पडावा म्हणून. वेल्डरने भोकं वरच्या बाजूला पाडली होती, हवा खेळती राहावी म्हणून. नानींनी ती बुजवून खाली पाडायला लावली. सिलिंडर उभा, पट्ट्याने बांधलेला. गाडी सुरू व्हायच्या आधी रेग्युलेटर बंद. जोडणीवर साबणाचा फेस लावून बुडबुडे पाहायचे, काडी लावून नाही. कपाटाच्या दारावर नानींनी खडूने १९०६ लिहिलं, गॅस गळतीसाठीचा नंबर. नाना त्याखाली कात्रण चिकटवायला निघाले होते.

पहिली सफर अजिंठ्याची ठरली. इथून साठेक किलोमीटर. आम्हालाही बोलावलं होतं. पहूरच्या अलीकडे नानांच्या एका नातलगाचं शेत आहे, तिथे दुपारी गाडी लावली. भरताची वांगी सोबत होती, हिरवी, पांढऱ्या रेघांची, एकेक पाऊण किलोचं. नानांनी मोठ्या थाटात दोन बर्नरची शेगडी पेटवली. नानींनी एक वांगं उचललं, जाळीवर धरलं, पुन्हा खाली ठेवलं.

"गॅसवरचं भरीत?" त्या म्हणाल्या. नातलगाने बांधावरच्या कपाशीच्या पऱ्हाट्या ओढून आणल्या, दोन मिनिटांत जाळ झाला. वांगी काळी पडली, फुगली, फुटली. मग नानींनी त्याच निखाऱ्यांवर चहाही ठेवला.

छोटू कपाटात तसाच होता. नाना थोडे उदास झाले होते. मग ते नातलगाला घेऊन गाडीमागे गेले. जुनी टाकी अजून तिथेच आहे, वेल्डरच्या पट्ट्या कोणालाच निघाल्या नाहीत. नातलग खाली वाकला, टाकी ठोकून पाहिली. पोकळ आवाज आला.

"फवारणीचं पाणी राहीन का हो याच्यात?" त्याने विचारलं. मग आडवा झाला, हात घातला, कोपर अडलं. "नाना, पण झाकणापर्यंत हातच नाही पोचत."

नानांचा चेहरा एकदम उजळला. त्यांनी बारदान अंथरलं आणि मला हाक मारली, "भाऊ, बॅटरी आण जरा."